घरच्या मॉनिटरिंग संचाचा रिव्ह्यू, सिस्टरच्या बाजूने

साताऱ्यातली एक होम नर्सिंग सेवा बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, वजनकाटा आणि मोबाइल अ‍ॅप असा संच भाड्याने देते. आकडे ब्लूटूथने फोनवर आणि तिथून सिस्टरच्या स्क्रीनवर जातात. पेशंटला वापरायला सोपा आहे. सिस्टरचा ताप वाचतो का, हा खरा प्रश्न.

सगळ्यात जास्त घोळ बीपीचा. सोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंमी दंडासाठी आहे. टेपने दंड मोजूनच लावा. दंड जाड असेल तर याच पट्ट्यावर बीपी उगाच चढलेलं दिसतं. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला, मिनिटभराने पुन्हा एकदा मोजायचं. मशीनवर १ आणि २ अशी दोन माणसांची बटणं आहेत. आजोबांच्या मागोमाग आजींनी बटण न बदलता पट्टा बांधला, की आजींचं १५०/९० आजोबांच्या नावावर! सिस्टरला ती नोंद खोडता येत नाही, फक्त शेरा मारता येतो. ही मोठीच खोट. ती दुरुस्त होईपर्यंत बटणांवर दोन रंगांच्या टिकल्या चिकटवा.

वजनकाटा सारवलेल्या जमिनीवर डुगडुगतो. हृदयाच्या पेशंटचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढणं म्हणजे अंगात पाणी साठत असल्याची शंका, त्यामुळे इथे चूक परवडत नाही. सपाट फरशीवर खडूने जागा आखा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन.

ऑक्सिमीटरला गार बोट आणि गडद नेलपॉलिश चालत नाही. बोट चोळून गरम करा, आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला की स्क्रीन लाल होते. पण सीओपीडीच्या (फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या) बऱ्याच पेशंटना डॉक्टरांनी ८८ ते ९२ च ठरवून दिलेलं असतं, म्हणजे त्यांचा दिवा दिवसभर लाल, आणि मग खऱ्या लाल दिव्याकडेही कुणी बघत नाही. मर्यादा पेशंटगणिक बदलता येते, फक्त ती सेटिंगमध्ये खोल दडवली आहे. डॉक्टरांना विचारून पहिल्याच दिवशी बदला.

जावळी, पाटणच्या खोऱ्यात रेंज गेली तरी अ‍ॅप आकडे साठवून ठेवतं, हे झकास. मात्र स्क्रीनवर मोजल्याची वेळ दिसत नाही, पोचल्याची दिसते. तापोळ्याकडचं सकाळी सातचं बीपी दुपारी तीनला येतं आणि आत्ताचं वाटतं. तिकडच्या पेशंटना वहीत वेळ लिहायला लावा आणि त्यांना रोज फोन करून विचारणं थांबवू नका.