जामीन राहायचं, उसने द्यायचे की देऊन टाकायचे?

रविवारची उपासना संपते, चर्चच्या आवारात चहा सुरू असतो आणि कुणीतरी बाजूला घेऊन म्हणतं, "भाऊ, पतसंस्थेचं सगळं झालंय, फक्त एका जामीनदाराची सही राहिलीय." मुलीचं नर्सिंगचं अ‍ॅडमिशन असतं, कर्ज पाच लाखांचं असतं, आणि मागणारा माणूस खरंच सज्जन असतो. नाही म्हटलं तर पुढच्या रविवारी तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न. मिशनच्या शाळेत, दवाखान्यात किंवा सरकारी खात्यात पक्की नोकरी असलेल्या ख्रिस्ती माणसाला ही सही आयुष्यात दोन-चार वेळा तरी मागितली जाते, कारण पगाराची स्लिप त्याच्याकडेच असते.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत: सही करा, स्वतःच्या खिशातून उसने द्या, किंवा झेपेल तेवढी रक्कम देऊन विसरून जा. सही सगळ्यात स्वस्त वाटते, कारण त्या दिवशी खिशातून रुपयाही जात नाही. हिशोब मांडला की तीच सगळ्यात महाग निघते.

| | जामीन | उसने | देऊन टाकणं |
|---|---|---|---|
| आज जाणारे पैसे | शून्य | ठरवाल तेवढे | ठरवाल तेवढे |
| जास्तीत जास्त नुकसान | पूर्ण थकबाकी, व्याज, वसुलीचा खर्च | दिलेली मुद्दल | आधीच गेलेलं |
| गुंतून राहण्याचा काळ | कर्ज फिटेपर्यंत | फेडीपर्यंत. दावा ३ वर्षांत | नाही |
| लगाम कुणाच्या हातात | संस्थेच्या | तुमच्या | प्रश्नच नाही |

सहीचा हिशोब

पाच लाख रुपये, १३ टक्के व्याज, ६० हप्ते. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ₹११,३७७. दीड वर्ष नियमित हप्ते भरूनही मुद्दल साधारण ₹३,८२,००० शिल्लक राहते, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. तिथे हप्ते थांबले आणि वर्ष गेलं, तर नुसतं व्याज धरूनच आकडा ४ लाख ३० हजारांच्या पुढे जातो. दंड आणि वसुलीचा खर्च वेगळा.

आता हे तुमच्या पगारावर ठेवून बघा. हातात ₹४८,००० येतात. दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) ₹४,८००, स्वतःच्या घरकर्जाचा हप्ता ₹१४,०००, घरखर्च आणि शाळा ₹२२,०००. उरतात ₹७,२००. मित्राचा हप्ता तुमच्यावर आला की दरमहा ₹४,१७७ कमी पडतात, आणि ते क्रेडिट कार्डावर जायला लागले की मग दोन घरं बुडतात.

"आधी त्याच्याकडून वसूल करतील, मग माझ्याकडे येतील" हा सगळ्यात जुना गैरसमज. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. त्याची जमीन विकून बघितल्यावरच तुमच्याकडे यावं, असं बंधन संस्थेवर नाही. उलट, वसुली अधिकाऱ्याला तुमचा पगार सोपा पडतो: महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो आणि पळून जात नाही. महाराष्ट्रात सहकारी पतसंस्थेला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं लढावं लागत नाही. सहकार कायद्याच्या (१९६०) कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो. लोक त्याला 'एकशे एकची वसुली' म्हणतात, आणि त्या दाखल्यावर जामीनदाराचंही नाव असतं.

सही करताना समोर येणाऱ्या गठ्ठ्यात साधारण चार कागद असतात: जामीनपत्र, पगारकपातीचं संमतीपत्र, दोन-तीन कोरे चेक, आणि पेन्सिलीने फुल्या मारलेला एखादा कोरा फॉर्म. सगळ्यात घातक हा शेवटचा. कर्ज थकायला लागलं की काही ठिकाणी ते 'नवं-जुनं' करतात: जुनं खातं नव्या कर्जातून बंद, व्याज मुद्दलीत, मुदत पुन्हा पाच वर्षं. जामीनदाराला न विचारता करारात असा बदल केला, तर करार अधिनियमाच्या कलम १३३ नुसार त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून त्याची सुटका होते. म्हणूनच छापील जामीनपत्रात हा हक्क सोडून दिल्याचं वाक्य बहुधा आधीच घातलेलं असतं, आणि कोऱ्या फॉर्मवरची सही नव्या कर्जाला जोडता येते. दुसरं वाक्य शोधायचं ते 'कर्जदाराच्या आजच्या व यापुढील सर्व येण्यांसाठी'. ते असेल तर तुम्ही या पाच लाखांनाच नव्हे, त्याच्या पुढच्या कर्जालाही जामीन आहात.

कर्ज बँकेचं असेल तर ते तुमच्या सिबिल अहवालातही जामीनदार म्हणून दिसतं, आणि ते थकल्यावर तुमचं स्वतःचं घरकर्ज अडू शकतं. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो. आजवर कुठे कुठे सह्या केल्या हे आठवत नसेल, तर निदान बँकांच्या सह्या तिथे सापडतील.

शास्त्र काय म्हणतं

या प्रश्नावर बायबलमधली नीतिसूत्रे फार स्पष्ट बोलतात. सहाव्या अध्यायात शेजाऱ्याला जामीन झालेल्याला सांगितलंय की झोपू नकोस, जा, गयावया कर, पण पारध्याच्या हातून हरिणी सुटते तसा सुट. २२:२६-२७ तर आणखी रोखठोक आहे: फेडायला काही नसेल तर अंगाखालचं अंथरूण काढून नेतील, मग जामीन का राहावं?

तरीही जामीन राहणं म्हणजे पाप, असं कुणी सांगितलं तर तेही अर्धवटच. उत्पत्ती ४३ मध्ये यहूदा बन्यामिनासाठी बापाकडे स्वतः जामीन राहतो. फिलेमोनाच्या पत्रात पौल अनेसिमाच्या देण्याबद्दल लिहितो की ते माझ्या नावावर मांड, आणि 'मी फेडीन' हे शब्द स्वतःच्या हाताने लिहितो. दोघांनी शब्द दिला तो फेडण्याच्या तयारीनेच. 'त्याच्यावर वेळ येणार नाही' असं गृहीत धरून केलेली सही आणि 'वेळ आली तर मी भरेन' म्हणून केलेली सही, कागदावर सारखीच दिसते.

सहीआधी विचारायचा प्रश्न म्हणून एकच: ही सगळी रक्कम उद्या मलाच भरावी लागली तर घर चालेल का? चालत असेल तर पुढचं बोला.

उसने देणं

इथे नुकसानीची हद्द तुम्ही ठरवता, हाच मोठा फायदा. पण मंडळीतला व्यवहार आहे म्हणून कागद टाळला जातो आणि मग पैशांबरोबर नातंही जातं. चार गोष्टी सांभाळा.

पैसे बँकेतूनच द्या. आयकर कायद्यानुसार ₹२०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेता येत नाही आणि रोखीने फेडताही येत नाही. दोन्ही वेळी दंड तुमच्या मित्रावर बसू शकतो, तोही तेवढ्याच रकमेचा.

वचनचिठ्ठी करा, 'मागणी करताच देईन' अशी, एक रुपयाच्या रेव्हेन्यू स्टॅम्पवर आडवी सही घेऊन. मुदतीची चिठ्ठी केली तर मुद्रांक रकमेनुसार वेगळा लागतो.

तीन वर्षांची मुदत चिठ्ठीच्या तारखेपासून मोजली जाते, तुम्ही पैसे मागितल्यापासून नाही. बरेच जण इथेच फसतात. ती संपण्याआधी 'एवढे येणे बाकी आहे' असं त्याच्या सहीनिशी लिहून घेतलं, की त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मिळतात.

आणि व्याज लावू नका. गरजू भावाकडून व्याज घेऊ नये असं निर्गम २२:२५ सांगतं. शिवाय विनापरवाना सावकारीचा संशयही नको.

रक्कम किती? घरच्या सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी बाजूला ठेवून जे उरतं, त्यातलीच. मुदत ठेव मोडून उसने द्यायची वेळ येत असेल, तर उसने देण्यासारखे पैसे तुमच्याकडे नाहीत.

देऊन टाकणं

लूक ६:३५ परतफेडीची आशा न ठेवता द्यायला सांगतं. पाच लाखांच्या सहीऐवजी ₹२५,००० हातावर ठेवले तर मागणाऱ्याला ते थोडे वाटतील, पण अशी आठ घरं मिळाली की दोन लाख होतात आणि कर्ज तीन लाखांवर येतं. त्याचा हप्ता त्याच १३ टक्क्यांनी साधारण ₹६,८२६. तेवढा तो बहुधा स्वतःच भरू शकेल. एक अडचण लक्षात ठेवा: नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ₹५०,००० पेक्षा जास्त भेट आली, तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. एकूण उत्पन्न कमी असेल तर कर शून्यही येईल, पण विवरणपत्रात ती दाखवावी लागेल.

हे पैसे दशमांशातून वळते करायचे का? अनुवाद १४ मध्ये तिसऱ्या वर्षाचा दशमांश परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठीही आहे, म्हणून काही जण तसं करतात; काही मंडळ्यांत दशमांश चर्चमध्येच द्यायची शिस्त आहे. पाळकांशी बोलून ठरवा. गुपचूप वळते करू नका, एवढंच.

नाही म्हणायच्या आधी मित्राला दोन वाटा दाखवता येतात. घरात सोनं असेल तर सोनेतारण कर्जाला जामीनदार लागत नाही. आणि शैक्षणिक कर्ज असेल तर अल्पसंख्याक म्हणून मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे ख्रिस्ती कुटुंबही अर्ज करू शकतं. कॅथलिक धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम असतं; तिथेही विचारायला हरकत नाही.

बायकोला न सांगता केलेली सही

तुम्ही गेल्यावर ही सही मरत नाही. संस्थेने आधीच दिलेल्या कर्जाची जबाबदारी तुमच्या मालमत्तेवर राहते. मृत्युपत्र नसेल तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेतला एक तृतीयांश पत्नीला आणि दोन तृतीयांश मुलांना जातो (गोव्यातल्यांना तिथला कायदा वेगळा). पण वाटणी होते देणी भागवून उरलेल्याची. ते चार लाख तीस हजार आधी वजा होतात. १ तीमथ्य ५:८ घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल काय म्हणतं ते माहीत असूनही, बहुतेक सह्या घरी न विचारताच होतात.

आधीच कुठे सही करून बसला असाल तर नवा टर्म विमा घेताना तो विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा, १८७४ खाली घ्या. त्या पॉलिसीची रक्कम पत्नी-मुलांचीच राहते; ती सावकाराला फसवायच्या हेतूने घेतलेली नसेल, तर त्याला तिच्यावर हात घालता येत नाही. हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो, नंतर जोडता येत नाही.

तरीही सही करायची ठरली तर

कर्जमंजुरीचं पत्र आधी वाचा आणि जामीनपत्रात 'कमाल रक्कम रुपये अमुक' अशी हद्द लिहून मागा. लहान पतसंस्था कधी कधी मान्य करतात, बँका क्वचितच. कोरा चेक देऊ नका. द्यावाच लागला तर संस्थेचं नाव आणि रक्कम स्वतः भरा, कारण जामीनदाराचा चेक वटला नाही तरी चेक न वटल्याबद्दलचा, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा, खटला होतो. कोऱ्या फॉर्मवर सही नाही म्हणजे नाही. प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी आणा. शाखेला लेखी कळवून पोच घ्या की एक हप्ता जरी चुकला तरी मला कळवा. मित्राकडून दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पावतीचा फोटो मागा. ज्याला त्याचा राग येतो, त्याच्यासाठी सही करू नये.

हप्ता चुकलाच तर वाट बघू नका. बँकेत ९० दिवस थकलं की खातं एनपीए (अनुत्पादित कर्ज) होतं, त्याआधी एखादा हप्ता भरून ते जिवंत ठेवणं स्वस्त पडतं. पण भराल तेव्हा पावतीवर 'जामीनदाराकडून जमा' असं लिहून घ्या. करार अधिनियमाच्या कलम १४५ खाली ते पैसे मित्राकडून मागायचा हक्क तुम्हाला आहे, आणि दुसरा जामीनदार असेल तर कलम १४६ प्रमाणे तो निम्म्याचा वाटेकरी. कर्ज फिटल्यावर नील दाखल्यावर (काही येणे बाकी नसल्याच्या पत्रावर) तुमचंही नाव घालून घ्या आणि जामीनपत्र, चेक त्याच दिवशी परत आणा. पुढच्या आठवड्यात या म्हणाले तर तसं लेखी मागा.