रुवैस की तेंगिझ? दोन ऑफर हातात असतील तर

आतेभावाच्या मुलाला एकाच आठवड्यात दोन ऑफर आल्या. एक अबुधाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीची, दोन वर्षांचा करार, बॅचलर अकोमोडेशन. दुसरी कझाकस्तानातल्या तेंगिझ तेलक्षेत्राची, २८/२८ रोटेशन, म्हणजे २८ दिवस साइटवर काम आणि २८ दिवस घरी. "काका, पगार कुठं जास्त?" मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन (प्लांटमधली मोजमापाची उपकरणं सांभाळणारा) म्हणून दोन्हीकडं राबलोय. त्याला म्हटलं, आकडा बाजूला ठेव, आधी घरी असतानाच्या दिवसांचे पैसे मिळणार का ते विचार.

रोटेशनची ऑफर बहुधा दिवसाच्या रेटवर येते. समजा दिवसाला १२० डॉलर. कंपनी साइटवरचेच दिवस मोजत असेल तर तो रेट खरा ६० झाला, म्हणजे महिन्याला १८००. हे मला कळलं ते उरणला घरी बसून खात्यात पगार शोधताना. मधल्या मॅनपॉवरवाल्यानं (कंपनीला माणसं पुरवणाऱ्यानं) मुलाखतीत "फुल रोटेशन पे" म्हटलं होतं, कागदावर मात्र तसं काही नव्हतं.

रुवैसचा हिशेब सरळ. पगार दर महिन्याला, आयकर नाही आणि वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीचा हक्क. पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचा बेसिक. म्हणून ऑफर लेटरमध्ये बेसिक किती आणि अलाउन्स किती ते बघायचं. बेसिक मुद्दाम बारीक ठेवणारे खूप आहेत.

कझाकस्तानात आयकर कापला जातो. त्यात आपल्याकडची १८२ दिवसांची मेख. आर्थिक वर्षात भारतात १८२ किंवा जास्त दिवस राहिलात की तुम्ही इथले रहिवासी आणि तिकडचा पगार इथं दाखवायला लागतो. तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण कागदपत्रांची धावपळ होतेच. २८/२८ मध्ये वर्षाचे घरचे दिवस जवळपास तेवढेच भरतात! मी पासपोर्टवरचे शिक्के वहीत उतरवून ठेवायचो.

याच गणिताची दुसरी गंमत अशी की ५६ दिवसांचं चक्र वर्षात साडेसहा वेळा फिरतं. म्हणजे मुलीच्या वाढदिवसाला यंदा घरी असाल तर पुढच्या वर्षी जवळपास हमखास कॅम्पवर. तरी सलग २८ दिवस घरी मिळतात. रुवैसला दोन वर्षांत सुट्टी किती आणि तिकीट कोणाचं हे करारात शोधावं लागतं.

तेंगिझचा अर्थ समुद्र. आजूबाजूला मात्र सपाट, बोडकं माळरान. अतिराउ शहर साडेतीनशे किलोमीटरवर. हिवाळ्यात उणे ३० पर्यंत उतरतं, इम्पल्स लाइनचं (दाब मोजणाऱ्या ट्रान्समीटरकडं जाणाऱ्या बारीक नळीचं) हीट ट्रेसिंग, म्हणजे ती गरम ठेवणारी तार, बंद पडलं की आत गोठून ट्रान्समीटर खोटं रीडिंग देतो. इथल्या तेलात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू फार. १९८५ साली इथली ३७ नंबरची विहीर पेटली ती वर्षभराहून जास्त जळत होती. त्यामुळे छातीवर गॅस मॉनिटर कायम, आणि दाढी रोज घोटून. वायूपासून वाचवणारा मास्क गालाला घट्ट बसला नाही तर परमिट हातात असूनही युनिटमध्ये पाऊल टाकू देत नाहीत. माझी मिशी वाचली, एका सहकाऱ्याची हनुवटीवरची दाढी गेटवरच उतरली. मेसमध्ये मांस भरपूर; शाकाहारी असाल तर भात, बटाटे आणि घरून नेलेली मेतकुटाची पुडी.

रुवैसला उन्हाळा ४५ च्या वर आणि वर दमट हवा. १५ जून ते १५ सप्टेंबर भर दुपारी उन्हातलं काम कायद्यानं बंद असतं. पण मेथीची जुडी मिळते, रविवारी मराठी बोलायला माणूस मिळतो. पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्याला हे लहान वाटायला नको.

तेंगिझच्या मोठ्या विस्तार प्रकल्पातून जानेवारी २०२५ मध्ये तेल सुरू झालं. बांधकामाची मोठी भरती त्याबरोबर ओसरली. उरलं ते चालू प्लांटचं काम आणि शटडाऊन (प्लांट बंद ठेवून करायची दुरुस्ती), त्यातही स्थानिकांना आधी प्राधान्य. त्यामुळे करार किती महिन्यांचा आणि मध्येच घरी पाठवलं तर नोटीस किती, हे विचारून घ्या.

एजंटचं म्हणाल तर त्याच्या फीला सरकारी मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी. त्यापुढं मागणाऱ्याला नमस्कार करून उठायचं.

लहान पोरं असतील आणि घरचे दिवसही पगारी असतील तर मी तेंगिझ घेईन. आमचा पोरगा सडाफटिंग, पहिलीच वारी, त्याला मी रुवैसकडं ढकलतोय. त्यानं मात्र तेंगिझवाल्यांना मेल टाकलाय: "घरच्या २८ दिवसांचा पगार करारात लिहून द्या." आज पाचवा दिवस, उत्तर नाही.