होडीवरच्या मासेमारीसाठी जीपीएस: मोबाईल, हातातलं यंत्र की फिशफाइंडर?

गळाने मासे धरणाऱ्याला जीपीएसकडून खरं तर एकच काम हवं असतं. गेल्या खेपेला मासा ज्या खडकावर लागला, बरोबर त्याच खडकावर पुन्हा नेऊन उभं करायचं. किनाऱ्यावर परत आणायचं काम आज कुठलंही यंत्र करतं, त्यासाठी डोकं खाजवायची गरज नाही. पण सपाट वाळूत घरातल्या खोलीएवढा एकटाच खडक असेल आणि होडी पंधरा मीटर बाजूला उभी राहिली, तर आमिष दिवसभर वाळूतच लोळतं. म्हणून इथे परीक्षण करताना नकाशाची रंगसंगती बाजूला ठेवली आहे. खूण किती नेमकी लावता येते आणि ती किती सहज परत सापडते, याच कसोटीवर तीन पर्याय पाहू.

पहिला मोबाईल. त्यातली जीपीएस चिप वाईट नसते. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो, आणि त्यासाठी नेटवर्क लागत नाही. नेटवर्क नसेल तर पहिली जागा पकडायला मात्र वेळ लागतो, कारण एरवी इंटरनेटवरून मिळणारी उपग्रहांच्या कक्षेची माहिती तेव्हा थेट उपग्रहाकडून ऐकावी लागते. ती माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते, मध्ये तुटली की पुढच्या फेरीची वाट बघायची. किनाऱ्यावरच अॅप उघडून जागा पकडू द्या आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, म्हणजे हा प्रश्न मिटतो. खरी अडचण हाताची आहे. खाऱ्या पाण्याचा थेंब पडदा बोटासारखाच ओळखतो. नकाशा आपोआप सरकतो, खूण नको तिथे लागते. उन्हात ठेवलेला फोन तापला की आधी उजेड कमी करतो, मग बंद पडतो. पिशवीत सुटा पर्याय म्हणून ठेवायला फोन उत्तम. मुख्य यंत्र म्हणून नाही.

दुसरं हातातलं यंत्र, गार्मिनचं जीपीएसमॅप ७९एस. ३ इंची पडदा, बटणं, दोन एए सेल, कंपनीच्या म्हणण्यानुसार १९ तासांपर्यंत चाल, १०,००० खुणांची जागा. पाण्यात पडलं तर तरंगतं, आणि होडीवर या एका गुणाला बाकी चार गुणांइतकी किंमत आहे. ओल्या, चिकट, आमिषाच्या हातांनीही बटण दाबलं की दाबलं. भाड्याच्या किंवा दुसऱ्याच्या होडीवर जाणाऱ्याने हेच घ्यावं, कारण याला ना वायर लागते ना ड्रिल. सेल मात्र विचार करून घाला. साधे अल्कलाइन सेल यंत्रात विसरले की गळतात आणि हिरवट पूड स्प्रिंगांवर चढते. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. मेनूमध्ये सेलचा प्रकार बदलला नाही तर बॅटरीचा दांडा खोटं बोलतो आणि अर्धी दिसणारी बॅटरी अचानक संपते. यात दिशादर्शक होकायंत्रही आहे. सेल बदलल्यावर ते पुन्हा जुळवावं लागतं, आणि ते काम इंजिन, लोखंडी साखळी, स्पीकर यांच्यापासून लांब उभं राहून करावं. जिथे होकायंत्र नाही तिथे हे लक्षात असू द्या: जीपीएसला फक्त हालचाल कळते, होडीचं तोंड कुठे आहे ते कळत नाही. उभ्या होडीत बाण गरागरा फिरतो तो बिघाड नव्हे.

या यंत्राची उणीव एकच, पण मोठी. पाण्याखाली काय आहे ते त्याला दिसत नाही.

ती उणीव तिसरा पर्याय भरतो: गार्मिनचंच स्ट्रायकर ४, म्हणजे फिशफाइंडर आणि जीपीएस एकाच डबीत. पडदा ३.५ इंची, सोनार (पाण्यात ध्वनीचा झोत सोडून प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे दाखवणारी यंत्रणा) ७७ आणि २०० किलोहर्ट्झवर चालणारं. यात समुद्राचा नकाशा नाही आणि घालताही येत नाही. कोऱ्या पाटीवर आपली होडी, आपला माग आणि आपल्या खुणा, एवढंच. अनेकांना हे घरी आणल्यावर कळतं आणि मग चिडचिड होते. ठाऊक असलेल्या पाण्यात याने काही अडत नाही. अनोळखी किनाऱ्यावर, उथळ खडकांतून वाट काढायची असेल तर हे एकटं घेऊन निघू नये. मेमरी कार्डाची खाचही यात नाही, त्यामुळे महत्त्वाच्या खुणांचे आकडे वहीत लिहून ठेवणं भाग आहे.

आता मुद्द्याचं, म्हणजे खूण लावणं. बहुतेकांच्या खुणा चुकतात त्या उपग्रहांमुळे नाही, सोनार वाचण्यातल्या घाईमुळे. ७७ किलोहर्ट्झचा झोत साधारण ४५ अंशांचा असतो, २०० चा १५ अंशांचा. २० मीटर खोलीवर रुंद झोत तळावर साडेसोळा मीटर व्यासाचं वर्तुळ बघतो, अरुंद झोत सव्वापाच मीटरचं. रुंद झोतात खडक दिसला याचा अर्थ तो त्या वर्तुळात कुठेतरी आहे, होडीखालीच आहे असं नाही. शोधताना ७७, खूण लावताना २००.

दुसरी चूक वेळेची. सोनारच्या पडद्यावर फक्त उजवी कड ‘आत्ता’ची असते, डावीकडे सरकलेलं सगळं मागे पडलेलं असतं. ५ नॉट (तासाला ५ सागरी मैल) वेगाने होडी सेकंदाला अडीच मीटर जाते. खडक दिसला, ‘अरे’ म्हटलं, बटण शोधलं, चार सेकंद गेले, की खूण दहा मीटर पुढे. म्हणून वेग २ नॉटच्या आसपास आणा आणि खडकावरून एकदा उत्तर-दक्षिण, एकदा पूर्व-पश्चिम जा. दोन्ही वेळा खूण लावा आणि मधली जागा धरा. स्ट्रायकरमध्ये सोनारचं चित्र मागे नेऊन कर्सर थेट खडकावर ठेवूनही खूण लावता येते. ही सोय जरूर शिकून घ्या, नकाशापेक्षा तिचा उपयोग जास्त आहे. खुणेला नाव देताना ‘००१’ वर सोडू नका. ‘खडक १८ वाव’ (वाव म्हणजे खोली मोजायचं जुनं माप, सुमारे १.८ मीटर) असं काही लिहा, सहा महिन्यांनी आठवण राहत नाही.

दुसऱ्या कुणाकडून आकडे घेताना लिहिण्याची पद्धत आधी विचारा. ३०.५०० मिनिटं आणि ३० मिनिटं ५० सेकंद हे दिसायला भाऊ-भाऊ आहेत, पण अक्षांशात त्यांच्यात ६१७ मीटरचा फरक आहे. एक मिनिट अक्षांश म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. म्हणून दशांशानंतरचा तिसरा आकडासुद्धा १.८५ मीटर हलवतो. तीनही आकडे लिहा. यंत्र अंश आणि दशांश मिनिटांवर ठेवा आणि डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायची आधारपद्धत, डब्ल्यूजीएस ८४. जुन्या कागदी नकाशावरून आकडे उचलले असतील तर त्याच्या कोपऱ्यात डेटम कोणता छापला आहे ते वाचा, नाहीतर शेकडो मीटरची चूक होऊ शकते.

खूण पक्की असली तरी नांगर खुणेवर टाकायचा नसतो. होडी वाऱ्या-प्रवाहाने मागे जाणार, खडक पुढे राहणार. आधी इंजिन मोकळं ठेवून दोन-तीन मिनिटं होडी वाहू द्या आणि पडद्यावरचा माग बघा. होडी कुठल्या रेषेत जाते ते अंदाजाने नको, मागावरूनच ठरवा. पाणी २० मीटर, नांगरदोर बांधायची जागा पाण्यापासून १ मीटर वर, शांत हवेत दोर तिप्पट धरला तर ६३ मीटर, आणि आडवं अंतर सुमारे ६० मीटर. म्हणजे त्या मागाच्या रेषेवर, वारा-प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला, खुणेच्या ६० मीटर वर जाऊन नांगर सोडायचा. वारा असेल तर दोर पाचपट ते सातपट लागतो आणि हे अंतर त्याच प्रमाणात वाढतं. होडी जराशी जास्त वर थांबलेली बरी, कारण दोर सोडणं सोपं, ओढणं कष्टाचं.

होडी ठरवलेल्या वर्तुळाबाहेर गेली की वाजणारा नांगराचा अलार्म नांगर तळाला टेकल्याच्या क्षणी लावा, होडी स्थिरावल्यावर नाही. स्थिरावल्यावर लावला तर वर्तुळाचं केंद्र होडी होते. भरती-ओहोटी बदलून होडी नांगराच्या पलीकडे फिरली की नांगर जागेवर असूनही अलार्म ओरडतो. मग कुणीतरी वैतागून तो बंद करतं, आणि खरा नांगर घसरतो तेव्हा कुणाला कळत नाही. त्रिज्या दोराच्या आडव्या लांबीहून १५ मीटर जास्त ठेवा.

बसवलेल्या यंत्राचा निम्मा त्रास वायरीत असतो. इंजिन सुरू करताना यंत्र बंद होऊन पुन्हा चालू होत असेल तर दोष यंत्राचा नाही, स्टार्टर व्होल्टेज खाली ओढतो. वेगळी १२ व्होल्टची छोटी बॅटरी द्या. हिशोब सोपा आहे: यंत्र ०.५ अँपिअर घेत असेल आणि बॅटरी ७ अँपिअर-तासांची लेड-अॅसिड असेल, तर तिची निम्मीच क्षमता वापरायची, म्हणजे ७ तास. फ्यूज मॅन्युअलमध्ये सांगितलेला, धन टोकाला, बॅटरीजवळ. वायर कथिल चढवलेल्या तांब्याची. साधं तांबं खाऱ्या हवेत आतल्या आत काळं पडतं. वेगात तळ दिसेनासा होत असेल तर ट्रान्सड्यूसरखाली (सोनारचा झोत सोडणाऱ्या, पाण्यातल्या भागाखाली) हवेचे बुडबुडे येत आहेत. तो इंजिनच्या पंख्यापासून दूर आणि होडीच्या तळापेक्षा किंचित खाली घ्या.

यंत्रावर आयपीएक्स७ हा जलरोधकतेचा दर्जा लिहिला म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही स्थिर पाण्यात. पाइपच्या जोरदार फवाऱ्याची हमी त्यात नाही. परत आल्यावर गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, रबरी झाकणं आधी घट्ट लावा. खरेदीच्या वेळी पोलराइज्ड गॉगल लावून पडदा आडवा-उभा फिरवून बघा, काही पडदे एका कोनात पूर्ण काळे दिसतात.

जुनं यंत्र घेत असाल तर चालू करून उपग्रह पकडू द्या आणि तारीख तपासा. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणारा आकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. असं ६ एप्रिल २०१९ ला झालं, आणि अपडेट न मिळालेली काही यंत्रं तेव्हापासून जवळपास वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बहुधा बरोबर येते, पण भरती-ओहोटी आणि सूर्योदयाच्या वेळा खोट्या. विक्रेत्याने अपडेट करून दिलं नाही तर पुढचं यंत्र बघा.