नवा म्हणून माझाच बोर्ड मला विकला

मे महिन्यात बहिणीचा लॅपटॉप एकदम बंद पडला. चार्जर लावला तरी लाइट लागेना, बटण दाबलं तरी पंखा हलेना. शिवाजी विद्यापीठात तिचा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट जमा करायला आठ दिवस उरलेले, आणि ते मी राजारामपुरीतल्या एका दुकानात पाय ठेवताच सांगून बसलो.

"मदरबोर्ड शॉर्ट आहे, गेला. नवा टाकावा लागंल, साडेनऊ हजार," दुकानदार म्हणाला. जुना बोर्ड मागितला तर म्हणे तो कंपनीला परत जातो. तिने शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे मी रोख मोजले.

दिवाळीत पुन्हा तेच. या वेळी शाहूपुरीतल्या एका कारागिराने माझ्यासमोरच मशीन खोललं. मल्टिमीटर बीपवर ठेवून (सरळ जोड सापडला की तो वाजतो) चार्जरकडून येणारी 19 व्होल्टची लाइन तपासली, तर शॉर्ट, म्हणजे थेट ग्राउंडला चिकटलेली. "शॉर्ट म्हणजे बोर्ड मेला असं नसतंय," ते म्हणाले. त्या लाइनवर वीज साठवणारे, तांदळाच्या कणीएवढे कपॅसिटर असतात, त्यातला एक आतून बिघडला तरी सगळी लाइन ग्राउंडला जाते. त्यांनी बाहेरून फक्त एक व्होल्ट दिला आणि वर आयपीए, म्हणजे झटकन उडणारं अल्कोहोल, शिंपडलं. एका कपॅसिटरवरचं झटकन वाळलं, म्हणजे तोच तापत होता. तो काढला, शॉर्ट गेला, बोर्डाला लागणारे 3.3 आणि 5 व्होल्ट आले. नवा कपॅसिटर धरून सातशे रुपये.

मग त्यांनी शेजारचा कपॅसिटर दाखवला. हाताने केलेलं सोल्डर, भोवती सोल्डर करताना लावतात तो चिकट फ्लक्स. नव्या बोर्डावर हे कुठून आलं? तेवढ्यात मला निळा यूएसबी पोर्ट दिसला. 2022 मध्ये काळा पोर्ट तुटला, तेव्हा मीच त्याजागी हा निळा बसवून घेतला होता. म्हणजे बोर्ड बदललाच नव्हता, फक्त एक कपॅसिटर बदलला होता!

दुकानदार म्हणाला, बिल दाखवा. बिलावर फक्त 'लॅपटॉप रिपेअरिंग'. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पण बोर्डाचे पैसे घेतल्याचा कागद माझ्याकडे नाही. तुम्ही मशीन दुरुस्तीला टाकण्याआधी झाकण काढून बोर्डावरच्या स्टिकरचा फोटो घ्या. बायोसमधल्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधल्या) सिरीयल नंबरवर विसंबू नका, तो नव्या बोर्डातही जुनाच लिहिता येतो. बिलावर 'मदरबोर्ड बदलला' असं नंबरासकट लिहून घ्या आणि जुना बोर्ड हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.