राउटर बदलून आठ महिने झाले, आता खरं काय ते लिहिते

जुना राउटर २०१४ सालचा. तपकीर गल्लीतून अकराशे रुपयांना आणलेला, दोन अँटेनांचा, मूळचा पांढरा आणि आता जुन्या दातांसारखा पिवळट. तेव्हा आमचं कनेक्शन ४ एमबीपीएसचं होतं आणि नेट लागायचं ते एका लॅपटॉपला. आता प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, वायफायवर अकरा वस्तू आहेत आणि मी आठवड्यातले चार दिवस मागच्या खोलीत बसून पगारपत्रकांचं काम करते. घर कोथरूडला, इमारत नव्वदच्या सुमाराची. भिंती नऊ इंची, आणि त्याचा आम्हाला आजवर अभिमानच होता.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायला लागला. मुलाचं म्हणणं, "आई, राउटर म्हातारा झालाय." सासऱ्यांचं म्हणणं, कंपनी चोर आहे. नवऱ्याचं म्हणणं काहीच नव्हतं, कारण त्याला ऑफिस आहे. मला तीन-साडेतीन हजार घालायला अडचण नव्हती, पण ते घालूनही आवाज तुटतच राहिला असता तर मुलासमोर काय तोंड दाखवणार? म्हणून आधी तपासायचं ठरवलं. त्या तपासाबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे. राउटरविषयी चार ओळी हव्या असतील तर खाली उतरा.

पहिला सुगावा मुलाच्या डेस्कटॉपने दिला. तो राउटरला लॅन वायरने जोडलेला आहे. गेम उतरवताना त्याचा वेग सकाळी, दुपारी, मध्यरात्री, कधीही बघा, ११ एमबीच्या आसपास. तो म्हणायचा, "दोनशेचा प्लॅन आणि मिळतात अकरा!" यात निम्मा घोळ मोजमापाचा आहे. प्लॅन मेगाबिटमध्ये सांगतात, डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं आणि एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे २०० च्या प्लॅनला २५ च्या जवळ दिसायला हवं. अकरा म्हणजे नव्वदच्या आसपास. पण मला खटकलं ते वेगळंच. कंपनीकडून स्पीड कमी येत असेल तर आकडा हलतो, दुपारी बरा आणि रात्री रडका. हा मात्र रोज तंतोतंत तेवढाच.

मग ठरवलं, फायबरच्या डब्यातून (कंपनीची फायबर घरात ज्या डब्यात येते त्यातून) वायर थेट लॅपटॉपला लावून बघू. हे सांगायला सोपं आहे. आमच्याकडे डबा नुसता पुढे ढकलण्याचं काम करतो, युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये भरलेला. तो कुठे लिहून ठेवलाय? अर्थातच कुठेही नाही. फोन केला, मिळाला. टाकला तर कनेक्ट होईना, कारण जुन्या राउटरचा मॅक पत्ता (यंत्राचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) त्यांनी लॉक करून ठेवलेला. परत फोन. "मॅडम, रिलीज करतो, दहा मिनिटं द्या." दहाची पन्नास झाली.

शेवटी टेस्ट लागली आणि आकडा आला ९४. म्हणजे राउटर निर्दोष, कंपनी दोषी? सासरे खूश. मी जवळजवळ तक्रार नोंदवणारच होते. पण माझ्या लॅपटॉपला लॅनचं भोक नाही, यूएसबीला लावायचं अडीचशे रुपयांचं एक शेपूट मध्ये होतं. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहिला तर १००/१००. ते शेपूटच शंभराचं! मग मुलाचा डेस्कटॉप उचलून हॉलमध्ये आणला (सीपीयू मी, मॉनिटर तो), थेट डब्याला लावला. १९६. तोच डेस्कटॉप, तीच वायर, मध्ये जुना राउटर घातला की ९४.

उलगडा झाला. त्या राउटरची सगळी भोकं शंभर एमबीपीएसची. वरखर्च वजा जाता हातात चौऱ्याण्णव-पंचाण्णव उरतात. प्लॅन शंभराच्या आत होता तोवर हे कळायचं कारणच नव्हतं. कंपनीने त्याच पैशात प्लॅन दोनशेचा केला आणि आम्ही दीड वर्ष अर्ध्या वेगाचे पैसे भरत बसलो. इथे एक सावधगिरी सांगते. नवीन राउटर लावूनही ९४ च आला तर वायर बदलून बघा. शंभराला आतल्या चारच तारा पुरतात, गिगाबिटला (म्हणजे हजार एमबीपीएसला) आठही लागतात. एक तार आत तुटलेली असली तर जोडणी मुकाट्याने शंभरावर उतरते आणि दोष राउटरला मिळतो.

पण खरं सांगायचं तर माझा आवाज तुटण्याशी या ९४ चा काही संबंध नव्हता. व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतात. माझं दुखणं मागच्या खोलीतल्या वायफायचं होतं. तिथे टेस्ट केली तर ८. कधी ५.

इथे फुकटात दोन गोष्टी सुटल्या, म्हणून पैसे काढण्याआधी त्या नक्की करा. राउटर टीव्हीमागे, लोखंडी कपाटाला टेकून ठेवलेला होता, कारण तिथे तो "दिसत नाही". तिथून काढून पॅसेजमधल्या फळीवर आणला. दुसरं म्हणजे वायफायची सुरक्षा ज्या कोणी लावली होती त्याने टीकेआयपी, म्हणजे जुन्या पद्धतीचं कुलूप, निवडून ठेवलेलं. त्यावर चालताना वायफाय २००९ च्या एन प्रकाराचा वेग सोडून त्याच्या आधीच्या ५४ एमबीपीएसवर येतं, आणि हातात त्याच्या निम्म्याहूनही कमी. हॉलमध्ये शेजारी बसूनही मला २२ मिळायचे ते यामुळे. तिथे एईएस हे नवं कुलूप निवडलं, सेव्ह केलं. हॉलमध्ये ५८. मागच्या खोलीत २४. एक रुपया न खर्चता! अकरा वर्षं आम्ही त्या बिचाऱ्याला साडी नेसवून पळायला लावत होतो.

राउटर आठवड्यातून दोनदा लटकायचा, तेही वेगळंच प्रकरण निघालं. ॲडॅप्टर हाताला चटका बसेल इतका तापायचा. आतले कपॅसिटर उष्णतेने म्हातारे होतात आणि पुरवठा डळमळतो. तेवढ्याच व्होल्टचा नवा ॲडॅप्टर आणला, दीडशे रुपयांना, आणि लटकणं थांबलं. वेग मात्र तसूभरही वाढला नाही. नेट बंद पडणं आणि नेट हळू चालणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि आपण दोन्हीला एकच औषध देतो, बंद करून चालू करणं.

मग राउटर घेतलाच का? रात्रीमुळे. नऊनंतर वायफाय पुन्हा कोसळायचं, हॉलमध्येसुद्धा ५८ चे २०. दोन आठवडे मी रात्री साडेनऊला दोन टेस्ट केल्या, एक वायरवर, एक वायफायवर, आणि कॅलेंडरच्या चौकटीत आकडे लिहिले (दूधवाल्याच्या खाड्यांच्या बाजूला). वायर रोज नव्वदच्या वर. वायफाय पंधरा ते तीस. म्हणजे रस्ता मोकळा होता, घरातली हवाच तुंबलेली. फोनवरच्या वायफाय ॲनालायझरमध्ये तेवीस नेटवर्क दिसली, सगळी २.४ गिगाहर्ट्झ या एकाच लहरींच्या पट्ट्यावर. तिथे एकमेकांत न घुसणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११. तेवीस बिऱ्हाडं आणि तीन नळ. आमच्या जुन्या राउटरला ५ गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा नव्हताच, त्यामुळे त्याला दुसरीकडे पाणी भरायला जायची सोय नव्हती. इथे मला पटलं की आता हा म्हातारा खरंच अडवतोय.

नवीन घेतला तो वायफाय ६ चा, एएक्स १५०० वर्गातला, चारही भोकं गिगाबिटची, ३,४०० रुपयांना. ब्रँड लिहीत नाही. या किमतीत फरक उन्नीस-बीसचा आहे. खोक्यावरच्या १५०० ला भुलू नका. ते ५ गिगाहर्ट्झचे १२०१ आणि २.४ चे ३०० अशी बेरीज आहे, आणि फोन सहसा दोन्हीवर मिळून ती बेरीज घेत नाही. वायफाय ६ म्हणाल तर आमच्या अकरापैकी दोनच वस्तूंना ते समजतं. खरा फायदा ५ गिगाहर्ट्झ आणि गिगाबिट भोकांचा झाला.

पहिल्या दिवशी परत मॅक लॉक. या वेळी शहाणी झाले होते, नव्या राउटरमध्ये "मॅक क्लोन"मध्ये जुन्याचा पत्ता टाकला, फोनच करावा लागला नाही. आकडे असे : वायरवर १९५, हॉलमध्ये वायफायवर १९० च्या पुढे, स्वयंपाकघरात १६०. मागच्या खोलीत, दोन नऊ इंची भिंतींपलीकडे, ५ गिगाहर्ट्झवर ७० ते ८५. रात्री साडेनऊलाही तेच. मुलाने मान डोलावली. सासऱ्यांनी कीर्तन लावलं आणि ते एकदाही न थांबता संपलं.

आणि तिसऱ्याच दिवशी मीटिंगमध्ये माझा आवाज तुटला.

त्या वेळी जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कारण शोधायला आठवडा गेला. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाखाली देत होता आणि लॅपटॉप कुठल्या पट्ट्यावर जायचं ते आपल्या मनाने ठरवत होता. मागच्या खोलीत ५ ची रेंज जरा कमी झाली की तो २.४ वर उडी मारायचा, मग परत वर, आणि त्या प्रत्येक उडीत दोन-तीन सेकंद मी मूक. ते एकत्र नावाचं सेटिंग बंद केलं, पट्ट्यांना दोन नावं दिली, लॅपटॉपला फक्त ५ चं नाव शिकवलं. प्रिंटर आणि जुना टीव्ही २.४ वर ठेवले, त्यांना दुसरं काही कळतही नाही. प्रिंटर तर नुसत्या डब्ल्यूपीए३ ला (वायफायच्या नव्या सुरक्षेला) हातच लावेना, म्हणून २ आणि ३ मिश्र ठेवावं लागलं.

तरी मार्चअखेरीला, कामाच्या ऐन घाईत, मी पंधरा मीटर कॅट ६ (गिगाबिट चालणारी लॅन) वायर आणून चौकटीच्या कडेने मागच्या खोलीत नेली आणि गिगाबिटचं नवं शेपूट घेतलं. मुलगा म्हणाला, "आई, हे नव्वदच्या दशकातलं आहे." असू दे. त्या दिवसापासून माझ्या मीटिंगची तक्रार संपली. या सगळ्या खटाटोपात पैशाला पैसा म्हणाल तर ती वायर सगळ्यात जास्त वसूल झाली, आणि हे मी राउटरच्या अनुभवात लिहितेय याची मला कल्पना आहे.

उन्हाळ्यात तापला का? हाताला गरम लागायचा, पण एकदाही लटकला नाही. आठ महिन्यांत बंद केला तो एकदाच, अपडेटसाठी. जुन्याला वर्षानुवर्षं कसलं अपडेट आलेलं नव्हतं, तेही बदलायचं एक कारण धरा. वीज गेली की मात्र नवा-जुना दोघेही सारखेच मरतात. छोटा यूपीएस वेगळा घ्यावा लागतो आणि तो फायबरच्या डब्यालाही जोडावा लागतो, नाहीतर वायफाय दिसतं आणि नेट नसतं.

जुलैत स्पीड पडला. २०० चे ३०, मधूनच डब्यावर लाल दिवा. घरात लगेच निकाल लागला, "नवीन राउटर बिघडला." मी काही न बोलता डेस्कटॉप डब्याला लावला. थेट जोडूनही तेवढेच ३०. तक्रार केली, दोन दिवसांनी कंपनीचा मुलगा आला, त्याने फायबर काढून मीटरला लावली आणि मला फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा आकडा दाखवला, उणे २८. "ताई, उणे सत्तावीसच्या खाली गेलं की डबा गटांगळ्या खातो." मग वायर चाचपत गेला आणि गॅलरीच्या दारापाशी थांबला. पावसाने दार फुगलं होतं, आणि जोर लावून बंद करताना आम्हीच ती चौकटीत चेंगरत होतो. त्याने तेवढा तुकडा कापून नवा सांधा मारला. उणे १९. स्पीड १९६. राउटर तिथेच फळीवर बसून होता, त्याला कोणी सॉरी म्हटलं नाही.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "तुझा राउटर कुठला गं? दिवाळीच्या सेलमध्ये तोच मागवते." त्यांचा प्लॅन पन्नासचा, घरात दोनच माणसं, राउटर सहा वर्षांचा आणि ५ गिगाहर्ट्झवाला. म्हटलं, काकू, आधी ही वायर घेऊन जा आणि नातवाला टेस्ट करायला सांगा. रात्री निरोप आला, वायरवर ४९, वायफायवर ४७. म्हटलं, मग काही घेऊ नका, फिशटँकच्या मागून तेवढा बाजूला करा. त्यांनी केला.

वायर अजून परत आलेली नाही.