कमरेपर्यंतचे केस, स्ट्रेटनर आणि मुंबईची हवा : नऊ महिने वापरल्यानंतर

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला स्ट्रेटनर, आता जुलै संपत आला, म्हणजे नऊ महिने होतील. मुद्दाम इतके दिवस थांबले लिहायला. घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले रिव्ह्यू मला तरी कधीच उपयोगी पडले नाहीत, कारण उष्णतेने केसांचं जे काही व्हायचं ते दुसऱ्या दिवशी दिसतच नाही, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे केस छानच दिसतात. खरं काय झालं ते चार-सहा महिन्यांनी टोकांना कळतं.

आधी माझे केस कसे आहेत ते सांगते म्हणजे तुमच्या केसांशी ताडून बघता येईल. कमरेपर्यंत, मोजले तर ७५ सेंटिमीटरच्या आसपास, मध्यम जाड, हलकेसे वेव्ही, कधी रंगवलेले नाहीत. मुलुंडला राहते, ऑफिस लोअर परळला, रोज करी रोडला उतरून चालत जाते. म्हणजे घाम, लोकलची गर्दी, खारी दमट हवा, सगळं केसांना रोज मिळतं.

याआधीचा अनुभव वाईट होता आणि त्यात चूक माझीच होती. कॉलेज संपता संपता स्टेशनबाहेरून साडेचारशे रुपयांना एक स्ट्रेटनर घेतला होता, त्यावर तापमानाचा आकडा वगैरे काही नाही, लाल दिवा लागला की गरम झालं समजायचं. केस धुवून अर्धवट वाळले की मी तो फिरवायचे, कारण सकाळी वेळच नसायचा. चर्रर्र असा आवाज यायचा आणि वाफ निघायची, आणि मला वाटायचं की वाफ निघतेय म्हणजे केस सरळ होतायत. सहा-सात महिन्यांत उजव्या कानामागची एक अख्खी बट खांद्यापाशी तुटून आखूड झाली. ती बट बघून मी कितीतरी रात्री रडलेय, खरंच सांगते. लहानपणापासून आईने शिकेकाई, जास्वंद घालून वाढवलेले केस होते ते.

तो चर्रर्र आवाज म्हणजे काय हे मला फार उशिरा कळलं. ओल्या केसाच्या आत पाणी असतं, त्यावर गरम प्लेट दाबली की ते पाणी आतल्या आतच उकळतं, वाफेला बाहेर पडायला वाट नसते म्हणून केसाच्या आत बुडबुड्यासारख्या पोकळ्या होतात. त्वचेच्या डॉक्टरांकडे याला नावच आहे, बबल हेअर, मायक्रोस्कोपखाली स्पष्ट दिसतात त्या पोकळ्या. केस तिथेच तुटतो. आणि एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी असं मला वाटतं, केसातलं केराटिन, म्हणजे केस ज्याचा बनलेला असतो ते प्रोटीन, कोरडं असताना २०० अंश सेल्सिअसच्या वर जाईपर्यंत तग धरतं पण ओलं असताना दीडशेच्या आसपासच बिघडायला लागतं. म्हणजे तोच स्ट्रेटनर, तेच तापमान, कोरड्या केसाला चालून जाईल आणि ओल्याला मारेल.

तर आताचा स्ट्रेटनर. सिरॅमिक प्लेटचा, एक इंच रुंद, तापमान १२० ते २३० पर्यंत दहा-दहाने बदलता येतं आणि आकडा स्क्रीनवर दिसतो, तासाभराने आपोआप बंद होतो. ३,४०० ला पडला. याहून महाग टायटॅनियम प्लेटवाले होते, ते लवकर तापतात आणि ताप धरून ठेवतात म्हणून पार्लरमध्ये आवडतात, पण मी स्वतःच्या हाताने मागचे केस करणार, हात दुखून मध्येच थांबणार, तिथे इतका जोरदार ताप मला नको होता. आकडा दिसणं ही एकच गोष्ट माझ्यासाठी पैसे वसूल करणारी आहे, बाकी सगळं नसतं तरी चाललं असतं.

कंपनीच्या पुस्तिकेत भारतीय केसांसाठी २०० ते २३० वापरा असं लिहिलंय. पार्लरमध्येही मला हेच सांगितलं होतं की वर ठेवा, एकदाच फिरवा, चमक येते. मला पटत नव्हतं म्हणून डिसेंबरमध्ये मी स्वतःच एक प्रयोग केला. मानेजवळ आतल्या थरातल्या दोन बारीक बटा निवडल्या, वरून दिसणार नाहीत अशा, डावीवर नेहमी २०० आणि उजवीवर नेहमी १६०, दोन्ही पूर्ण कोरड्या करून, दोन्हीवर तेच प्रोटेक्टंट (तापापासून केसांना वाचवायला आधी मारायचा स्प्रे), आठवड्यातून एकदा. दोन्हींना वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवायचे म्हणजे गोंधळ नको. पहिले महिनाभर काही फरक नाही, उलट २०० वाली जास्त चकचकीत, मला वाटलं पार्लरवाली ताई बरोबर होती. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी बोटांतून टोकाकडून मुळाकडे उलटी फिरवून बघितली तर २०० वाली खरखरीत लागली, धुतल्यावर तीच बट सगळ्यात आधी गुंतायची, आणि पांढऱ्या कागदावर धरली की टोकांना फाटे फुटलेले दिसायचे. १६० वाली बाकीच्या केसांसारखीच होती. एका बाईच्या दोन बटा, फार मोठा पुरावा नाही, पण माझ्या केसांपुरता मला पुरला. तेव्हापासून १६०, आणि टोकांना १५०.

टोकांना कमी का, तर हे गणित एकदा करून बघा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. माझ्या ७५ सेंटिमीटरच्या केसाचं टोक म्हणजे पाच-सहा वर्षांपूर्वी डोक्यातून उगवलेला केस, लॉकडाऊनमधला! पाच-सहा वर्षांची धुणी, विंचरणं, ऊन, लोकलच्या दारातला वारा, सगळं त्या टोकाने सोसलंय. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, मुळाशी त्यांचे कितीतरी थर असतात आणि टोकाकडे जाईपर्यंत झिजून थोडेच उरतात. आणि आपण स्ट्रेटनर फिरवताना नेमकं काय करतो, तर मुळाशी भरभर जातो आणि टोकाशी थांबून छान वळवतो. म्हणजे सगळ्यात म्हाताऱ्या भागाला सगळ्यात जास्त चटका. हे लक्षात आल्यावर माझा हातच बदलला, आता खाली येताना वेग वाढवते आणि शेवटची दोन-तीन इंच बऱ्याचदा सोडूनच देते, नाहीतरी वेणीत कोणाला दिसतायत.

ड्रायरबद्दल मात्र माझं मत पूर्ण उलटं झालं. मला आयुष्यभर वाटत होतं की वाऱ्यावर वाळवलेले केस सगळ्यात चांगले. पण २०११ मध्ये कोरियात एक अभ्यास झाला होता, त्यात केस पुन्हा पुन्हा धुवून वेगवेगळ्या अंतरावरून वाळवले, आणि १५ सेंटिमीटरवरून सतत हलवत फिरवलेल्या ड्रायरने (तिथे ताप फक्त ४७ अंश होता) एकूण नुकसान कमी झालं, आपोआप वाळू दिलेल्या केसांच्या आतल्या थराला मात्र इजा दिसली, बहुतेक खूप वेळ ओले राहून फुगल्यामुळे. पाच सेंटिमीटरवर हाच ताप ९५ अंशांवर गेला आणि केसाचा वरचा थर खराब झाला. म्हणजे ड्रायर वाईट नाही, जवळ धरणं वाईट. आणि जुलैमध्ये मुंबईत माझे केस आपोआप वाळायला पाच पाच तास लागतात, ओले केस बांधून ऑफिसला जायचं म्हणजे संध्याकाळी कुबट वास. आता आधी जुन्या सुती पंच्यात केस गुंडाळून ठेवते, चोळत नाही, मग निम्मे वाळेपर्यंत पंख्याखाली, आणि उरलेलं ड्रायरने वीतभर लांबून. ड्रायर मुद्दाम १२०० वॅटचा घेतला कारण आमच्या बेडरूममधला पॉइंट ६ अँपिअरचा आहे, २००० वॅटचा त्यावर चालवू नये, आमच्या शेजारच्या काकूंकडे प्लग वितळला होता.

आजी सांगायची की बाळंतिणीचे केस न्हाऊ घातल्यावर निखाऱ्यावर ऊद टाकून, वर टोपली पालथी घालून, तिच्यावर केस पसरून वाळवायचे. मी परवा आईला म्हटलं, बघ, आजीलाही माहीत होतं, ऊब पाहिजे पण लांबून आणि हळू.

तेलाचा एक मोठा गैरसमज. आईचं म्हणणं होतं की स्ट्रेटनर फिरवायच्या आधी थोडं खोबरेल लाव म्हणजे केस जळणार नाहीत. असं अजिबात करू नका, तेल लावून गरम प्लेट म्हणजे केस तळणं आहे. पण खोबरेल वाईट असंही नाही, ते धुण्याच्या आदल्या रात्री लावायचं. मुंबईतल्याच संशोधकांनी २००३ मध्ये छापलंय की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना निघून जाणारं प्रोटीन कमी करतं, सूर्यफुलाच्या किंवा मिनरल ऑइलने तसं होत नाही. मग शाम्पूने नीट धुवायचं, कंडिशनर, पूर्ण कोरडे, मग प्रोटेक्टंट, मग स्ट्रेटनर, या क्रमानेच.

प्रोटेक्टंट स्प्रेकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्यातलं सिलिकॉन केसावर पातळ थर देतं, ताप हळू आणि सारखा पसरतो, प्लेट सरकते, ओढ बसत नाही. पण २३० चे काही ते १५० करत नाही. आणि स्प्रे केल्यावर तोही वाळू द्यायचा, मी सुरुवातीला हे विसरायचे आणि पुन्हा तोच चर्रर्र. तो आवाज आला की मी आता हात तिथल्या तिथे काढते. स्प्रेचा चिकट थर प्लेटवर जमून तपकिरी होतो, प्लेट थंड झाल्यावर ओल्या फडक्याने पुसायची, नाहीतर केस अडकतात.

मे महिन्यात मात्र केस अचानक काड्यांसारखे झाले आणि मी घाबरले, वाटलं सगळी मेहनत गेली. पण तापमान तेच, दिवस तेवढेच. मग लक्षात आलं की पाणीकपात होती आणि सोसायटीत टँकर येत होता. आपलं नळाचं तलावाचं पाणी मऊ असतं, टँकरचं बोअरचं जड, क्षार केसावर बसतात. शेवटचे दोन तांबे साठवलेलं नळाचं पाणी घ्यायला लागले आणि पंधरा दिवसांत बरंच सुधारलं. तुमचे केस बिघडले तर आधी पाणी बघा, लगेच स्ट्रेटनरला दोष देऊ नका.

पावसाळ्याबद्दल खरं ते सांगते. सरळ केलेले केस जून-जुलैत टिकत नाहीत. घरून निघताना सरळ, दादरपर्यंत फुगलेले. उष्णतेने केसातले जे बंध सुटून नव्याने जुळतात ते पाण्याने पुन्हा सुटतात, म्हणूनच गरम असताना हात न लावता थंड होऊ द्यायचे असतात, थंड होताना आकार पक्का होतो. आणि हवेतच पाणी असेल तर तो मोडणारच. ऑफिसमधल्या मुली यावर उपाय म्हणून तापमान वाढवतात, ते बघून माझा जीव तुटतो, कारण ताप कमी पडला म्हणून केस फुगत नाहीयेत, कितीही भाजलेत तरी हवा तीच आहे. दोघींना मी डब्यात बसून हे समजावलं, एकीने ऐकलं. पार्लरमध्ये केस सरळ करायची केराटिन ट्रीटमेंट करून घे असंही मला सुचवलं गेलं, पण त्यात औषध लावून वरून खूप गरम प्लेट पुन्हा पुन्हा फिरवतात आणि काही उत्पादनांतून तापल्यावर फॉर्मल्डिहाइडचा धूर निघतो, मी नाही म्हटलं.

मी आठवड्यातून एकदाच वापरते, लग्नसराईत फेब्रुवारीत एका आठवड्यात तीनदा वापरला तेवढाच अपवाद, त्यानंतर तीन आठवडे काहीच नाही. एका बटेवरून एकदा, फार तर दोनदा.

तब्येत कशी मोजते ते सांगते कारण नुसतं डोळ्यांनी कळत नाही. विंचरताना कंगव्यात आलेले केस बघा. ज्याच्या एका टोकाला पांढरा बारीक ठिपका आहे तो मुळापासून गळलेला, दिवसाला पन्नास ते शंभर असे गळणं नॉर्मल आहे. ज्याला ठिपका नाही आणि जो आखूड आहे तो तुटलेला. हे तुटलेले वाढले की मी पंधरा दिवस स्ट्रेटनर बंद ठेवते. नोव्हेंबरात एका विंचरण्यात पंधरा-वीस असायचे, आता चार-पाच. ट्रिम दोनदाच केलं, दोन्ही वेळा अर्धा इंच. आणि उजव्या कानामागची ती बट, ती आता खांद्याच्या खाली दहा-अकरा सेंटिमीटर आलीये, मध्ये कुठेही न तुटता.

मशीनच्या तक्रारी दोन. वायर फिरते ती जागा सहाव्या महिन्यात सैल झाली, वॉरंटीत बदलून मिळाली पण तीन आठवडे गेले. आणि प्लेटच्या कडा गोल नाहीत, त्यामुळे याच्यानेच कर्ल करायला गेलं की केसाला आडवी घडी पडते. कर्लसाठी मावसबहिणीचा ३२ मिलिमीटरचा टाँग (केस गुंडाळायचा गोल गरम दांडा) मागून आणते, तोही १५० वर, आणि कर्ल सोडल्यावर तळहातात धरून थंड होईपर्यंत थांबते.

सध्या पाऊस आहे तोवर स्ट्रेटनर कपाटात आणि रोज वेणी. गौरी जेवतील त्या दिवशी नऊवारी आणि अंबाडा ठरलाय, तेव्हा फक्त पुढच्या दोन बटा टाँगने वळवणार, बाकीच्या केसांना गजरा.