लू झीशेनसोबत आठ महिने: जुनी चिनी कादंबरी रोज रात्री मोठ्याने वाचल्यानंतर

अश्विन पौर्णिमेला आमच्या घरचं वर्षावासातलं ग्रंथवाचन संपलं. आईला मधुमेहामुळे आता उजेड-अंधार तेवढा कळतो. तीन महिने रोज रात्री ऐकायची सवय लागलेली, त्यामुळे वाचन थांबल्यावर तिला करमेना. म्हणाली, "आता दुसरं काहीतरी लांबलचक घे. आठ दिवसांत संपणारं नको." माझ्याकडे नुकतीच चार भागांची पेटी आली होती. 'श्वेइहू झ्वान' ही जुनी चिनी कादंबरी, सिडनी शपिरो यांनी इंग्रजीत आणलेली, १९८० साली प्रसिद्ध झालेला अनुवाद, पूर्ण १०० अध्याय. ज्येष्ठात आम्ही शेवटचं पान वाचलं. मधले आठ महिने मी डोळ्यांनी इंग्रजी वाचायचे आणि तोंडाने मराठीत सांगायचे. हा अनुभव त्या आठ महिन्यांचा आहे, आणि खरं तर त्या पुस्तकातल्या एका माणसाचा आहे.

आधी थोडं पुस्तकाबद्दल. काळ बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा, सोंग घराण्याच्या हुइझोंग बादशहाचा. राजा चित्रकलेत रमलेला, कारभार सेनाप्रमुख गाओ चिउसारख्या माणसांच्या हातात. शांदोंगमधल्या ल्यांगशान डोंगराभोवती दलदल, तिथे एकेक करून १०८ बंडखोर जमतात. त्यांचा म्होरक्या सोंग ज्यांग. हा माणूस इतिहासात खरोखर होता. त्याच्या टोळीतल्या ३६ जणांचा आणि ११२१ साली तो शरण आल्याचा उल्लेख जुन्या बखरींत आहे. पुढे बाजारात, चहाच्या दुकानात गोष्टी सांगून पोट भरणाऱ्यांनी या ३६ चे १०८ केले, आणि चौदाव्या शतकातल्या शी नायआन याच्या नावावर ही कादंबरी चालत आली. प्रत्येक अध्याय ऐन वेळी तुटतो आणि 'पुढे काय झालं ते पुढच्या अध्यायात ऐका' म्हणतो. ती मुळात कानांसाठीच बांधलेली आहे. डोळ्यांनी भरभर वाचणाऱ्याला ती जागोजागी पुनरुक्तीची वाटेल, ऐकणाऱ्याला तसं वाटत नाही.

आमचा माणूस तिसऱ्या अध्यायात येतो. नाव लू दा, सीमेवरच्या वेइझोऊ गावातला फौजेचा अधिकारी, दांडगा, तापट, दारूबाज. अक्षरओळख नाही. दोन ओळखीच्या माणसांबरोबर तो खानावळीत पीत बसलाय आणि पलीकडच्या खोलीतून रडण्याचा आवाज येतो. पहिल्यांदा तो चिडतो, ताटं-वाट्या जमिनीवर आपटतो, की मी पितोय आणि हे कोण रडतंय. मालक घाबरून सांगतो, गाणं म्हणणारी मुलगी आणि तिचा म्हातारा बाप आहेत. मग तो त्यांना बोलावून घेतो आणि विचारतो. मुलगी सांगते, इथल्या झेंग नावाच्या खाटकाने तिला ठेवून घेतलं, कागदावर ३,००० माळा नाणी दिल्याचं लिहिलं, हातात एक नाणं दिलं नाही, आणि आता हाकलून देऊन तेच न दिलेले पैसे परत मागतोय.

लू दा खिशातून ५ तोळे चांदी काढतो. सोबतच्या दोघांपैकी शी जिन १० देतो. ली झोंग चाचपून चाचपून २ काढतो, ते लू दा त्याच्याच अंगावर परत फेकतो. इथे आई पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो मुलीच्या धर्मशाळेत जातो. नोकराला खाटकाने सांगून ठेवलंय की यांना सोडू नकोस. त्याला दोन ठेवून देतो, बापलेकीला गाडीवर बसवून रवाना करतो. आणि मग, रागाने पेटलेला हा माणूस, खाटकाकडे धावत जात नाही. एक बाकडं ओढतो आणि दारात बसून राहतो. दोन प्रहरघटका, म्हणजे आपले चार तास. नोकर त्यांच्या मागे जाऊ नये, ती दोघं लांब पोचावीत, म्हणून. लेखकाने हे एका ओळीत उरकलंय. मी एकटी वाचत असते तर पुढे गेले असते. आई म्हणाली, "थांब. किती वेळ बसला म्हणालीस?"

मग खाटकाचं दुकान. १० जिन (जिन हे चिनी वजन) पातळ मांस, चरबीचा कण नको, बारीक खिमा कर, तूच कर, गड्याला हात लावू देऊ नकोस. खाटीक तासभर खिमा करतो, कमळाच्या पानात बांधतो. आता १० जिन नुसती चरबी, मांसाचा कण नको, तीही बारीक. तेही होतं. आता १० जिन कुरकुरीत हाडं, त्यावर मांसाचा कण नको, बारीक. खाटीक म्हणतो, माझी थट्टा चालवलीय का? आणि दोन्ही पुडकी त्याच्या तोंडावर फुटतात, मांसाचा पाऊस पडावा तशी. पुढे तीन ठोसे. पहिला नाकावर, आणि वर्णन असं की जणू चटण्या-लोणच्यांचं दुकान उघडलं, खारट, आंबट, तिखट एकदम. दुसरा डोळ्यावर, जणू रंगीत कापडाचं दुकान, लाल, काळा, जांभळा. तिसरा कानशिलावर, जणू मयताच्या विधीतल्या झांजा-घंटा एकदम वाजल्या. चव, रंग, आवाज. मारामारीचं इतकं नीट रचलेलं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. खाटीक मरतो. लू दाला मारायचं नव्हतं, अद्दल घडवायची होती. 'मेल्याचं सोंग करतोस काय' असं मोठ्याने ओरडत तो गर्दीतून निघतो आणि गाव सोडतो.

दुसऱ्या गावात भिंतीजवळ गर्दी दिसते, तिथे जाऊन उभा राहतो. भिंतीवर त्याच्याच पकडीचा हुकूम लावलेला, १,००० माळांचं बक्षीस. याला वाचता येत नाही, लोक मोठ्याने वाचतायत ते तो ऐकतोय. तोच मुलीचा बाप मागून येऊन त्याला ओढून नेतो. इथून पुढे मला हे सारखं दिसायला लागलं, की या माणसाचं सगळं आयुष्य कानावाटे घडतं.

लपण्यासाठी त्याला वूताई पर्वतावरच्या विहारात भिक्खू करतात. नाव मिळतं झीशेन, म्हणजे खोल प्रज्ञेचा. महास्थविर त्याला त्रिशरण देतात आणि मग पंचशील: हत्या नको, चोरी नको, व्यभिचार नको, दारू नको, खोटं नको. मी मराठीत सांगत होते आणि शेजारून आवाज आला, "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि..." आई डोळे मिटून म्हणत होती, आमच्याकडे रोज संध्याकाळी म्हणतात तसं. आपल्या क्रमात खोटं चौथं आणि दारू पाचवी, तिथे उलट, तेही तिने लगेच पकडलं. प्रत्येक शीलावर 'पाळीन' किंवा 'नाही' एवढंच म्हणायचं असतं. लू झीशेनला रीत माहीत नाही. तो म्हणतो, "आपण ध्यानात ठेवतो." सगळे भिक्खू हसतात. आई हसली नाही. म्हणाली, "बरोबरच बोलला. ध्यानातच ठेवायचं असतं."

हे 'आपण' माझं. मूळ चिनीत तो स्वतःसाठी 'साज्या' हा वायव्येकडच्या दांडग्या माणसांचा शब्द वापरतो, इंग्रजीत त्याचा नुसता 'मी' होतो. पहिल्या आठवड्यात मीही 'मी' म्हणत होते आणि माणूस सपाट वाटत होता. मग नाक्यावरची पोरं म्हणतात तसं 'आपण नाही ऐकत कोणाचं' असं सुरू केलं आणि लू झीशेन खोलीत येऊन बसला.

तो एकही शील नीट पाळत नाही. दारू पितो, कुत्र्याचं मांस खातो, विहाराच्या दारातले द्वारपालांचे पुतळे फोडतो. लोहाराकडे हत्यार म्हणून १०० जिनांचा लोखंडी दंड मागतो. लोहार म्हणतो, जुन्या काळच्या नामांकित योद्ध्याचं, ग्वान यूचं शस्त्रसुद्धा ८१ जिनांचंच होतं. हा म्हणतो, तोही माणूसच होता ना. शेवटी लोहार समजावतो, फार जाड केला तर चांगला दिसणार नाही, आणि ६२ वर सौदा ठरतो. जिन सहाशे ग्रॅमच्या आसपास धरला तरी ३७ किलो. मजा म्हणजे पहिल्याच दिवशी महास्थविरांनी इतरांना सांगून ठेवलंय, हा आज उग्र दिसतो, पण मन सरळ आहे, पुढे तुमच्यापैकी कोणी याच्या बरोबरीला येणार नाही.

लिन चोंगची गोष्ट सगळ्यांना आवडते, मलाही आवडली. शाही पहारेकऱ्यांना शस्त्रविद्या शिकवणारा सभ्य माणूस, गाओ चिउच्या दत्तक मुलाची त्याच्या बायकोवर नजर, खोटा आरोप, काळ्या पाण्यासारखी सजा. वाटेत शिपाई त्याचे पाय उकळत्या पाण्यात घालतात आणि दुसऱ्या दिवशी कोरी गवताची चप्पल चढवून चालायला लावतात. रानात त्याला झाडाला बांधून दांडका उगारतात, तेवढ्यात झाडीतून तो ६२ जिनांचा दंड येतो. लू झीशेन राजधानीपासून मागावर होता. शिपायांची कुजबुज त्याने रात्री ऐकली होती. मग तो जवळजवळ मुक्कामापर्यंत बरोबर चालतो. 'जीव वाचवायचा तर शेवटपर्यंत वाचवायचा' हा त्याचा नेम.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत.

ली क्वेइ नावाचा कुऱ्हाडवाला लोकांना फार प्रिय आहे म्हणतात. तो फाशीच्या मैदानात बघ्यांनाही कापत सुटतो. पुढे एका माणसाला टोळीत यायला भाग पाडावं म्हणून त्याच्या सांभाळातलं चार वर्षांचं मूल मारतो, आणि हे टोळीच्या बेताप्रमाणेच होतं. त्या रात्री आईने हात वर केला. अकरा दिवस पुस्तक उघडलं नाही. वू सोंग वाघ मारतो तेव्हा टाळ्या पडतात, पण सूड घेताना तो घरातल्या मोलकरणींनाही सोडत नाही. बायकांचं तर काय सांगू. १०८ मध्ये ३ बायका, आणि बाहेरच्या ज्या ठळक आहेत त्या बहुतेक बदफैली ठरवून मारलेल्या. लिन चोंगच्या बायकोने काहीच वाईट केलेलं नाही, तिला स्वतःचं नावसुद्धा नाही, फक्त झांग घराण्यातली. नवरा माणूस पाठवतो तेव्हा तिला गळफास घेऊन सहा महिने झालेले असतात. मी हे सगळं न गाळता सांगितलं, कारण गाळलं असतं तर लू झीशेन वेगळा का आहे ते कळलं नसतं. त्याचा राग दर वेळी दुसऱ्याच्या रडण्यातून सुरू होतो. त्याला स्वतःचा सूड असा नाहीच. घराण्याचा अपमान नाही, बढती हुकली नाही.

घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. ७० अध्यायांची आवृत्ती घेऊ नका. १६४१ साली जिन शेंगतान या टीकाकाराने मागचा भाग कापून टाकला आणि तीच प्रत पुढे सगळीकडे चालली. पर्ल बक यांचा १९३३ चा अनुवाद त्यावरूनच आहे. १०८ जण जमले की पुस्तक संपतं. शेवटचे ३० अध्याय लढायांचे आहेत, कंटाळवाणे आहेत, नावांच्या याद्या आहेत, मी काही ठिकाणी दोन-दोन अध्याय एका रात्रीत उरकले. सोंग ज्यांग बादशहाला शरण जातो, ही माणसं सरकारसाठी दुसऱ्या बंडखोरांशी लढून मरतात, हे बघवत नाही. तरीही १०० च घ्या. ज्यांना सगळंच हवं त्यांच्यासाठी डेंट-यंग पिता-पुत्रांचा १२० अध्यायांचा पाच भागांतला अनुवादही आहे. माझ्या पेटीतला तिसरा भाग वाटेत भिजून आला होता, विक्रेत्याने बदलून द्यायला तीन आठवडे घेतले. पेटी आल्या आल्या चारही भाग उघडून बघा.

१०० च का, ते सांगते. फांग ला या दुसऱ्या बंडखोराविरुद्धची मोहीम संपलीय. फांग लाला पकडलं ते लू झीशेननेच. सोंग ज्यांग म्हणतो, आता अधिकारपद घे, नाहीतर मोठ्या विहाराचा प्रमुख हो. हा म्हणतो, मनाची राख झालीय, धडपणी मरण आलं तरी पुष्कळ. फौज हांगझोऊला छ्येनतांग नदीकाठी ल्यूहे पॅगोडाजवळच्या विहारात उतरते. भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या सुमाराची चांदणी रात्र. मध्यरात्री नदीवर गडगडाट होतो. हा वायव्येचा माणूस, त्याला वाटतं रणवाद्यं वाजली. दंड घेऊन धावत बाहेर येतो. भिक्खू हसतात आणि नदी दाखवतात: ही भरती आहे, समुद्राकडून वर चढणारी लाट, ठरल्या वेळी येते, कधी चुकत नाही. त्याला गुरूचे शब्द आठवतात, लाट ऐकशील तेव्हा वर्तुळ पूर्ण होईल, तिचा सांगावा दिसेल तेव्हा शांत होशील. तो विचारतो, हे 'पूर्ण होऊन शांत होणं' म्हणजे काय? भिक्खू म्हणतात, तुम्ही भिक्खू असून माहीत नाही? त्याला मरण म्हणतात. तो हसतो. असं असेल तर आज जायला हवं, पाणी तापवा.

अंघोळ करतो. चीवर घालतो. कागद-शाई मागतो आणि चार ओळी लिहितो, की जन्मभर पुण्य केलं नाही, आज कळलं मी म्हणजे मीच. अक्षर न येणारा माणूस लिहितो कसा, हे मला खटकलं आणि मी तसं आईला बोलून दाखवलं. ती काही बोलली नाही. सोंग ज्यांग पोचतो तेव्हा हा मांडी घालून बसलेला, शांत, गेलेला.

अनुवाद सरळ आहे, न अडखळता मोठ्याने वाचता येतो. पाचपैकी चार गुण. एक त्या लहान मुलासाठी कापला.

शेवटचं पान झाल्यावर मी चौथा भाग पेटीत ठेवला आणि दिवा घालवायला उठले. आई म्हणाली, "पहिला भाग काढ. ते बाकड्याचं वाच." मी पुस्तक काढलं, पान शोधलं. एकच ओळ आहे ती. वाचली. "पुन्हा," म्हणाली. पुन्हा वाचली.